शिक्क्यावरची हळद

“नको बघू गो बाय,” म्हातारी म्हणाली आणि तिनं सरळ माझ्या भिंगावर पंजा ठेवला.

माझ्या दुकानात लोक येतात ते दाखवून घ्यायला. वस्तू स्वतःच पुढ्यात काढून ठेवायची आणि वर बघू नको म्हणायचं, असं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. मासळी कापून कापून तिच्या बोटांवर व्रण पडले होते. त्या हाताखाली माझं जर्मन भिंग अडकलं होतं आणि ते ओढून घ्यायचं धाडस मला होईना.

“आये, हात काड,” तिचा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. “पाटे उठान, घाट चढान हय इलाव, ते काय डबो तसोच परत नेवक?”

तिनं हात काढला. पण तोंड फिरवून ती रस्त्याकडे बघत बसली.

ही शहाऐंशी सालातली गोष्ट. कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या एका बोळात माझं जुन्या नाण्या-नोटांचं दुकान होतं. खरं तर ते वडिलांचं, ते गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. आमचं आडनाव पोतदार. पूर्वी सरकारी खजिन्यात आलेलं नाणं खरं की खोटं हे सांगायचं काम पोतदाराचं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच चाललं. माझ्यापर्यंत येईतो खजिना गेला आणि बोळातला गाळा तेवढा राहिला. लग्न मी केलं नाही, त्यामुळे आडनावही शाबूत राहिलं. पितृपक्ष सुरू होता. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी फिरकत नाही. मी गल्ल्यावर डोकं टेकून डुलकी काढायच्या बेतात होते, तेवढ्यात ही मायलेकरं देवगडच्या गाडीनं येऊन दारात उभी राहिली.

मुलाचं नाव जगन्नाथ कोयंडे. चाळिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, कानशिलावरचे केस पांढरे झालेले. खाडीत त्याची छोटी होडी होती. आईचं नाव आवडाबाई. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. तिनं कमरेच्या पिशवीतून तंबाखूचा एक पत्र्याचा डबा काढला होता, डब्यात पिवळं फडकं होतं आणि फडक्यात अमेरिकेच्या एक-एक डॉलरच्या दोन नोटा.

नोटा बघून मला आधी हसूच आलं. नोटेच्या मधोमध अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचं चित्र असतं, विग घातल्यासारखे केस, ओठ घट्ट मिटलेले. दोन्ही नोटांवर त्या साहेबाच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. आणि उजव्या बाजूला जो गोल सरकारी शिक्का असतो, त्यावर हळद. थोडीथोडकी नव्हे, थरावर थर.

“पूजा करता काय मावशी?” मी विचारलं.

“दर दिवाळेक,” जगन्नाथच बोलला. “लक्ष्मीपूजनाक. बापाशीची कमाई ती. हीच येवढी.”

शिक्का दिसला की आपल्या माणसाचं बोट नेमकं तिथेच टेकतं. मी हे अनेक जुन्या नोटांवर पाहिलंय. पण चाळीसएक दिवाळ्यांची हळद एकाच जागी बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

“विकायच्या आहेत?”

“इकूच्या नाय,” तो म्हणाला. मग आईकडे बघून त्यानं स्वतःला सावरलं. “इकलाव तर इकलाव. पण आधी माका येक कळाक व्हया, ताई. ह्यो नोटो खयच्या? अमेरिकेच्या काय आफ्रिकेच्या?”

“दादा, डॉलर अमेरिकेचेच असतात.”

“बगा!” तो एकदम उसळला. “सगळो गाव माका ह्याच सांगता. तुमी पण ह्याच सांगूक बसलास.”

मी त्याला पाणी दिलं. कोल्हापूरच्या पाण्यानं कोकणी माणूस निवतो असा माझा अनुभव आहे. ते पिऊन त्यानं सगळं सांगितलं आणि ते ऐकता ऐकता माझी झोप पार उडाली.

त्याचे वडील भिकाजी कोयंडे. चोवीस वर्षांचे असताना ते इंग्रजांच्या एका मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागले. दुसरं महायुद्ध चालू होतं. जगन्नाथ तेव्हा आईच्या पोटात होता. वर्ष उलटून गेलं तरी पत्र नाही, पैसा नाही, माणूस नाही. गावातल्या शिकलेल्या एका माणसानं कंपनीला अर्ज पाठवला, त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं की सदर इसम परदेशी बंदरात बोट सोडून गेला.

आणि मग एक दिवस रत्नागिरीकडचा हसनमिया सोलकर नावाचा खलाशी गाव शोधत शोधत आला. त्यानं हा डबा आवडाबाईच्या हातात ठेवला. म्हणाला, भिकाजी आणि मी एकाच बोटीवर होतो. आफ्रिकेत अल्जियर्सच्या बंदरात आम्ही अडकून पडलो होतो. भिकाजी बोटीवरून गळ टाकून मासे धरायचा, भाजायचा आणि अमेरिकेच्या शिपायांना खिलवायचा. त्यांनी खूश होऊन दिलेल्या ह्या नोटा. शेजारच्या बोटीवर माणूस कमी पडला म्हणून त्याला तिकडे बोलावलं. कागदावर नाव चढायच्या आतच त्या बोटीवर बॉम्ब पडला. जाताना डबा माझ्याकडे ठेवायला दिला होता, तो पोचवायला आलोय.

“आणि गावान काय केल्यान म्हायत हा?” जगन्नाथ म्हणाला. “नोटो वाचल्यानी. म्हणाले, अरे, ह्यो तर अमेरिकेच्या! आफ्रिकेत डॉलर खयसून इलो? म्हणजे भिकाजी न्यूयार्काक बोटीरसून उतारलो, थयच रवलो आणि ह्या मुसलमानाक पैशे देवन खोटा सांगूक धाडल्यान. हसनमियाक गाळी दिल्यानी. तो माणूस तसोच उपाशी गेलो.”

न्यूयॉर्कला बोटीवरून उतरून नाहीसे झालेले खलाशी त्या काळी खरंच होते. कंपनीचं पत्रही तेच सांगत होतं. त्यामुळे गावाचा निकाल पक्का झाला. पोरगा मोठा झाला तो ‘डॉलरचो’ ह्या नावानं. शाळेत पोरं विचारायची, बापाशीन मनीऑर्डर धाडल्यान काय रे? चाळिशी ओलांडली तरी होळीला कोणीतरी प्यायलेला त्याच्या दारात येऊन तेच विचारायचा.

“आमच्याकडे पितरांक पान वाढतत, म्हाळ म्हणतत त्येका,” तो सांगत होता. “सगळ्यांच्या बापाशीक पान. माज्या बापाशीक कसा वाढू? पळालेल्या, जित्या माणसाचो म्हाळ घालूक येता काय? आणि मेलो आसात तर? तर इतकी वर्सां तो उपाशी मगे! पैशे किती येतले ता ऱ्हवांदे ताई. बापूस माजो पळालो काय मेलो, येवढा सांगा.”

ह्याआधी तो देवगडच्या बँकेत जाऊन आला होता. तिथल्या साहेबानं हिरव्या शिक्क्याचा चालू डॉलर दाखवून ह्या नोटा खोट्या ठरवल्या. मुंबईच्या एका दुकानदारानं खऱ्या म्हटल्या, पण निळ्या शिक्क्याच्या, हळदीनं नासलेल्या, चहापाण्यापुरते पैसे देतो म्हणाला.

मी भिंग उचललं. तेव्हाच आवडाबाईनं त्यावर हात ठेवला होता.

मला वाटलं, जीव अडकलाय बिचारीचा. नवऱ्याची एवढीच खूण, ती परक्या बाईनं उलटसुलट करावी हे तिला सोसत नसेल. म्हणून मी फार हळुवारपणे कामाला लागले.

नोट खरी की खोटी हे आधी बोटाला कळतं, मग डोळ्याला. मी साहेबाच्या कोटावरून नख अलगद ओढलं. खऱ्या नोटेवर त्या रेघा नखाला लागतात, कारण शाई कागदावर उभी राहिलेली असते. लागल्या. कागद उजेडात धरला. तांबडे आणि निळे बारीक तंतू अंगातच होते, वरून छापलेले नव्हते. सुईच्या टोकानं एक तंतू जरासा उचलून पाहिला, तो सुटा झाला. बँकेतला साहेब चुकला होता. तेव्हाच्या ह्या जातीच्या नोटांचा शिक्का हिरवा नसायचाच.

“नोटा खऱ्या आहेत,” मी म्हणाले.

जगन्नाथनं हात जोडले. आवडाबाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण पुढचं मला कळेना. पस्तीस सालच्या मालिकेची ही एक डॉलरची नोट अमेरिकेत पोत्यानं छापली गेली. अंक निळे, शिक्का निळा. तिला किंमत अशी नाहीच. वडिलांनी मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतलेलं अमेरिकन नोटांचं जाडजूड पुस्तक माझ्यापाशी होतं. मी त्यात ह्या नोटेचं पान काढलं आणि खाली बारीक अक्षरात छापलेली टीप वाचायला लागले. मी ती पूर्वीही वाचली असेल, पण तेव्हा तिच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. ह्या वेळी मी ती दोनदा वाचली.

मी ती त्यांना सांगितली. लढाईत अमेरिकेची फौज आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर उतरली, तेव्हा शिपायांच्या पगारासाठी सरकारनं वेगळ्या नोटा दिल्या. साहेब तोच, अंक तेच निळे, फक्त निळ्याच्या जागी शिक्का पिवळा. पैशाच्या पेट्या शत्रूनं लुटल्याच, तर एका हुकमासरशी पिवळ्या शिक्क्याच्या तेवढ्या नोटा रद्द करता याव्यात म्हणून.

“आफ्रिकेत?” जगन्नाथ उठून उभा राहिला. “डॉलर? आफ्रिकेत?”

“हो. पण बसा. शिक्का मुळात पिवळा असेल तरच. तुमच्या नोटेवर जे पिवळं दिसतंय ती आईंनी लावलेली हळद आहे. खाली निळा आहे का पिवळा, हे मला दिसत नाही.”

आणि खरंच दिसत नव्हतं. पुस्तकातला फोटो काळापांढरा, त्यात पिवळा काय आणि निळा काय. भिंगाखाली नुसता पिवळट तपकिरी चिखल होता. अंकांची निळी शाई अजून टवटवीत होती, मग शिक्क्याची कशी उडेल असं एकदा वाटे. पण अंकांवर कोणी ओलं बोट चोळलं नव्हतं. शिक्क्यावर चाळीस वर्षं चोळलं होतं. निळा पार झिजून गेला असेल असं दुसऱ्यांदा वाटे. मुंबईच्या दुकानदाराला तेच वाटलं होतं आणि तो काही मूर्ख नव्हता.

“नाय दिसत तर नाय दिसत,” आवडाबाई म्हणाली. “जगू, चल. तीनची गाडी गावतली.”

“आये, वायच थांब.”

“काय मिळतला तुका कळान? इतकी वर्सां नाय कळला, आता काय अडलाहा?”

“तुजा काय जाता!” तो चिडून म्हणाला. “डॉलरचो तुका कोण म्हणीत नाय.”

तिनं पुन्हा रस्त्याकडे तोंड फिरवलं. मायलेकरांच्या भांडणात मी सापडले. अशा वेळी माझा हात आपोआप पानाच्या डब्याकडे जातो. वडील असते तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला असता, नोटा पुढ्यात असताना पान लावतेस म्हणून. त्यांचा दंडकच होता की नोटेला पाणी दाखवायचं नाही आणि डागाला हात लावायचा नाही. डाग तसाच ठेवून विक, पुसलास तर वस्तू मेली. पण वडील नव्हते आणि डोकं चालत नव्हतं. मी पानाला चुना लावला, सुपारी टाकली, विडा तोंडात कोंबला आणि नोट सरळ करायला म्हणून बोट पुढे केलं.

बोट टेकलं तिथे नोटेच्या कडेवर भडक तांबडा ठिपका उठला.

“ह्या काय केलास?” जगन्नाथ ओरडला. “रगात कसला?”

मी चटकन हात मागे घेतला. पोतदाराची मुलगी आणि चुन्याच्या बोटानं नोट खराब केली! कानशिलं तापली माझी.

“रगात नाय ता,” आवडाबाई शांतपणे म्हणाली. “हळदीक चुनो लागलो. कुकू असाच करतत.”

मी तिच्याकडे बघितलं, मग ठिपक्याकडे. विडा तसाच गालात राहिला. हळद चुन्यानं लाल होते. शाई होत नाही. ज्या घरात जन्मापासून हळदकुंकू बघितलं, त्या घरातल्या बाईला हे सुचायला आपल्याच वेंधळेपणाची वाट बघावी लागली.

मी तोंड धुतलं, हात धुतले आणि दोघांना स्पष्ट सांगितलं. चुन्याच्या निवळीचा हात शिक्क्यावर फिरवला तर हळद लाल होऊन सुटेल. खाली जे असेल ते दिसेल. पण नोट कदाचित हातची जाईल. पिवळा शिक्का निघाला तरी असल्या धुतलेल्या नोटेला कोणी संग्राहक विचारणार नाही. आमच्या धंद्यात हे पापच आहे.

“दोन आसत,” जगन्नाथ म्हणाला. “येक गेली तर येक रवतली. करा.”

“मावशी?”

तिनं डब्यातलं पिवळं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाली, “कर. तो तरी किती दिवस इचारीत फिरतलो.”

वाटीत चुना कालवला, तो खाली बसू दिला. वरचं नितळ पाणी कापसाच्या वातीवर घेतलं. वात शिक्क्यावर टेकवली. पहिल्या स्पर्शालाच हळद पेटल्यासारखी लाल झाली. लाली कडेकडेनं पसरत गेली आणि बघता बघता सगळा शिक्का तिच्याखाली बुडाला. पिवळं म्हणून काही उरलंच नाही.

“सगळाच लाल झाला,” जगन्नाथ म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. “म्हणजे हळदच ती.”

आवडाबाईनं श्वास सोडला. मोठा, मोकळा, ओझं उतरवून ठेवावं तसा. मला त्याचं नवल वाटलं, पण विचार करायला सवड नव्हती. मी टीपकागद घेतला, शिक्क्यावर दाबला आणि उचलला. कागदावर लाल गोळा उमटला. दुसरा कागद, मग तिसरा. प्रत्येक वेळी लाली थोडी टीपकागदावर येत होती आणि नोटेवर कमी होत होती.

चौथ्या कागदाखालून शिक्का वर आला.

आधी त्याचं दातेरी वर्तुळ दिसलं, मग आतली ढाल, ढालीतला तराजू, खाली किल्ली. एकेक रेघ केसाएवढी बारीक, आणि पिवळी. हळदीचा पिवळा नव्हे. केशरी झाक असलेला, निबर, छापलेला पिवळा. भोवती विटकरी रंगाचा ओलसर डाग आणि त्यात तो शिक्का जसाच्या तसा. चुन्यानं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. मी पुन्हा वात फिरवली, तरी तो पिवळाच राहिला.

पंचवीस-तीस वर्षं मी ह्या धंद्यात काढली, राजेरजवाड्यांच्या मोहरा हाताळल्या. पण त्या दुपारी जसे माझे हात आपोआप जोडले गेले, तसे कुठल्याच मोहरेपुढे नाही. कुठल्या परक्या सरकारनं शत्रूच्या भीतीनं निळ्याचा पिवळा केला, कुणा शिपायानं भाजलेल्या बांगड्याच्या बदल्यात तो एका कोकणी खलाशाच्या हातावर ठेवला, आणि देवगडच्या एका घरात त्याच्यावर हळदीचे थर चढत गेले. खरं काय ते इतकी वर्षं त्यांच्या देव्हाऱ्यातच होतं आणि दर दिवाळीला ते आणखी झाकलं जात होतं.

“पिवळा आहे,” मी म्हणाले. “दादा, शिक्का पिवळा आहे. कोर्टकचेरीत कदाचित हे टिकणार नाही. पण आफ्रिकेत डॉलर होते आणि ते हेच होते. हसनमिया खरं बोलले होते.”

जगन्नाथ टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. एवढा दांडगा माणूस, पण नाकपुड्या थरथरायला लागल्या. “पळाक नाय,” तो म्हणाला. “आये, बापूस माजो पळाक नाय गो. आयकलंस? पळाक नाय!”

तो आईकडे वळला. तिला मिठीच मारणार होता बहुतेक. पण तिचा चेहरा बघून तो जागच्या जागी थबकला.

“मगे तो गेलो,” आवडाबाई म्हणाली.

मिठीसाठी पुढे आलेले त्याचे हात खाली गेले.

“पळालो आसतो तर जितो आसतो रे,” ती म्हणाली. “लोक म्हणत, न्यूयार्काक रवलो, थय दुसरी केल्यान. माका राग यायचो. पण बरा पण वाटायचा. दुसरी तर दुसरी. कोण तरी त्येका गरम जेवण वाढता मां? पावसात खयच्या तरी छपराखाली निजता मां? हसनमिया इलो तेव्हा मी त्येका पाणी पण इचारूक नाय. खोटो ठरांदे, म्हटलंय. गाव त्येका खोटो म्हणता तर म्हणांदे.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा पिवळा निघावा म्हणून देवाला हाका मारत होता आणि आई तिथेच, त्याच टेबलाशी, निळा निघावा म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. नवऱ्याची अब्रू जावी, आपल्याला टाकलेली बाई म्हणावं, पोराला चिडवावं, सगळं तिनं सोसलं होतं, पण त्याला मरू दिलं नव्हतं. आणि मी तिच्या डोळ्यांदेखत टीपकागदानं त्याला पुसून काढलं होतं.

जगन्नाथ खाली बसला. त्यालाही ते कळलं होतं, त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. “आये,” तो म्हणाला, “माका म्हायत नाय होता गो.”

“तुजी काय चूक.” तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “दिवाळी इली काय हळद लावताना मी त्येचो इचार करायचंय. आता तिशी उलटली, आता पोट सुटला. केस पिकयलंय मी त्येचे. दात पाडलंय. गेल्या दिवाळेक म्हटलंय, आता गुडघे दुकत आसतले त्येचे, थय थंडी खूप. माज्यावांगडा म्हातारो केलंय हो त्येका.”

तिनं पुढे होऊन नोट उचलली. ओल्या शिक्क्याला हात न लावता, फक्त कडेला धरून. पहिल्यांदाच तिनं ती नीट बघितली.

“आणि तो थयच रवलो. चोयीस वर्सांचो.”

मग तिनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे, पुन्हा नोटेकडे.

“तुज्यापरीस ल्हान रे तो, जगू,” ती म्हणाली. “अमावास्येक पान वाढशीत, ता वायच भरान वाढ. पोरगो तो.”